हवाई अंतराने आमचा हिशेब नको

पुणे ते सोलापूर हवाई अंतर सुमारे २३७ किलोमीटर, रस्त्याने साधारण २५०. विमानाचा वेग ताशी आठशे किलोमीटर धरून भागाकार केला की उत्तर येतं अठरा मिनिटं. गाडीने चार-साडेचार तास. प्रवासाचे तक्ते असे आकडे शेजारीशेजारी मांडतात आणि वाचणाऱ्याच्या मनात एक समज घर करून बसतो: खरं अंतर ते हवेतलं, रस्त्याचं अंतर म्हणजे त्याला लागलेली पुरवणी, आणि चार तास लागतात कारण आपण अजून मागे आहोत. मला हा समज खोडून काढायचा आहे. तो तक्त्यांपुरता राहिला असता तर त्याच्यावर इतके शब्द खर्च केले नसते. पण हेच सरळ रेघेचं माप आता नियमांत शिरलं आहे आणि शेतकऱ्याच्या उसाचं काय होणार हे ठरवतं आहे. नदीकाठच्या माणसाचा वळसाही त्याच मापाखाली झाकला जातो. म्हणून त्याचा प्रतिवाद नीट, मुद्द्याला धरून करायला हवा.

मी बोलतो आहे ते डाळजच्या बाजूने. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने निघालात की हडपसर, लोणी काळभोर, यवत, पाटस, कुरकुंभ, भिगवण मागे टाकून साधारण ११० किलोमीटरवर इंदापूर तालुक्यातलं डाळज लागतं. क्रमांक १, २ आणि ३ अशी डाळज नावाची तीन गावं आहेत. मधून राष्ट्रीय महामार्ग, भोवती ऊस, आणि उत्तरेला उजनीचं पाणी. पुण्या-सोलापूरच्या तक्त्यात हे गाव कुठेच नसतं, आणि तसं ते असावं अशी अपेक्षाही नाही. पण हवाई अंतराचं माप कुठे टिकतं आणि कुठे मोडून पडतं हे तपासायचं असेल तर इतकी चांगली जागा दुसरी मिळणार नाही. गावाच्या एका अंगाला महाराष्ट्रातल्या सर्वांत सरळ रस्त्यांपैकी एक धावतो आणि दुसऱ्या अंगाला सरळ रेघेला काडीचाही अर्थ उरत नाही असं विस्तीर्ण पाणी पसरलेलं आहे.

आधी त्या मापाची बाजू जिथे बळकट आहे तिथून सुरुवात करतो. पुणे-सोलापूर ही वाट भीमेच्या खोऱ्यातून जाते. घाट नाही, दरी नाही, खाडी नाही. त्यामुळे रस्ता सरळ रेघेपेक्षा जेमतेम पाच-सहा टक्क्यांनी लांब आहे. रेल्वेने हेच अंतर २६३ किलोमीटर भरतं. जीआयपी कंपनीचा लोहमार्ग १८५८ च्या डिसेंबरात पुण्याहून भिगवणजवळच्या डिकसळपर्यंत आला आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचला. बोरघाटात बोगदे खोदायला जेवढी वर्षं गेली त्या मानाने हा पल्ला झपाट्याने पार पडला, कारण जमीनच तशी होती. तेव्हा या एका वाटेपुरतं हवाई अंतर आणि रस्त्याचं अंतर यांत फारसा फरक नाही, हे मान्य. पण नेमकी हीच वाट आपली नजर बिघडवते. पठारावर जे जमलं ते सगळीकडे जमत असेल असं वाटू लागतं. गेटवे ऑफ इंडियावरून अलिबागजवळचं मांडवा समोर दिसतं, आणि मुंबईहून अलिबागला रस्त्याने जायचं तर शंभराच्या आसपास किलोमीटर पडतात. कोकणातल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. देशावरच्या माणसाला मात्र सरळ रस्त्याची सवय असल्यामुळे सरळ रेघेवर लवकर विश्वास बसतो.

आता वेळेचं बघू. अठरा मिनिटं हा आकडा हवेत असलेल्या, पूर्ण वेगात उडणाऱ्या विमानाचा आहे. त्यात विमानतळावर जाणं नाही, तपासणीची रांग नाही, धावपट्टीवरची वाट बघणं नाही, चढणं-उतरणं नाही, सामानाची प्रतीक्षा नाही आणि तिथून घरी जाणंही नाही. अडीचशे किलोमीटरच्या प्रवासात या सगळ्याचा वेळ उडण्याच्या वेळेच्या कितीतरी पट होतो. लांबच्या पल्ल्यात, म्हणजे पुण्याहून दिल्ली किंवा कोलकात्याला जाताना, हा जोडवेळ पोटात घेता येतो. जवळच्या पल्ल्यात तोच मुख्य प्रवास होऊन बसतो.

यावर उत्तर मिळतं की, पुणे-सोलापूर सोडा, मुंबई-सोलापूर बघा. ठीक, तेही बघू. २०२५ मध्ये सोलापूरहून आधी गोव्याला आणि मग मुंबईला विमानसेवा सुरू झाली. त्यासाठी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडावी लागली होती. तिच्यावरून सोलापुरात कित्येक वर्षं वाद झाला, सभासद शेतकरी रस्त्यावर आले, शहरातले विमानसेवेचे समर्थकही रस्त्यावर आले. विमान सुरू झालं याचा सोलापूरकरांना आनंद झाला आणि तो रास्त आहे. सोलापूर हे मोठं शहर आहे, चादरी-टॉवेलचा व्यापार आहे, बाहेरून येणारे वैद्यकीय तज्ज्ञ आहेत, अक्कलकोट-पंढरपूर-तुळजापूरचे भाविक आहेत. माझा विमानतळाला विरोध नाही.

पण नकाशावर सोलापूरच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढून बघा. सुमारे ३६० किलोमीटरची ती रेघ आमच्या इंदापूर तालुक्यावरूनच जाते. आता डाळजच्या माणसाने मुंबईला जायचं ठरवलं तर त्याचा हिशेब असा होतो. गाडीने पुणे ११० आणि पुढे मुंबई दीडशे, म्हणजे सुमारे २६० किलोमीटर, वाहतूक बरी असेल तर पाच-साडेपाच तास. विमानाने जायचं तर आधी उलट दिशेला, सोलापूरला, सुमारे १४५ किलोमीटर. त्याला सव्वादोन तास. विमानतळावर तासभर आधी. उड्डाण तासाभराचं. उतरल्यावर बाहेर पडून मुंबईत जिथे काम आहे तिथे जायला आणखी तास. बेरीज गाडीइतकीच किंवा तिच्याहून जास्त, आणि विमान त्याच्या गावाजवळून त्याला ओलांडून जातं. पुण्यातलं लोहगावचं विमानतळ धरलं तरी आधी अडीच तास रस्त्यावर घालवावे लागतात, आणि त्यातला मोठा भाग यवतपासून हडपसरपर्यंतच्या वाहनांच्या गर्दीत.

रेल्वेचंही याच मापाने पाहायला हवं. मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून धावते आणि पुणे-सोलापूर अंतर तीन-सव्वातीन तासांत कापते. उत्तम गाडी आहे. भिगवणला ती थांबत नाही. वेगवान गाडीने प्रत्येक गावात थांबावं असं मी म्हणणार नाही, थांबली तर ती वेगवान उरणार नाही. मुद्दा एवढाच की, दोन शहरांमधला वेळ कमी झाला म्हणून मधल्या गावांचा वेळ आपोआप कमी होत नाही. कधीकधी तो वाढतो. हे चौपदरी महामार्गाने आम्हाला चांगलं शिकवलं आहे.

महामार्ग चौपदरी झाल्यावर पुण्या-सोलापूरचा प्रवास खरोखर सुकर झाला, हे कुणीही कबूल करील. पण महामार्गाच्या एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला रान असलेल्या शेतकऱ्याला आधी जे दोनशे पावलांवर होतं ते आता दुभाजकाच्या फटीपर्यंत किंवा भुयारी मार्गापर्यंत जाऊन, वळसा घालून गाठावं लागतं. वैरणीचा भारा डोक्यावर असलेली बाई हा वळसा घालत नाही, ती दुभाजक ओलांडते. दूध घालायला निघालेला मुलगा उलट्या बाजूने दुचाकी दामटतो. गळीत हंगामात दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर अंधारात संथ चालत असतात आणि मागून येणारी गाडी चार तासांत सोलापूर गाठायच्या हिशेबाने येत असते. डाळजला महामार्ग पोलिसांचं केंद्र आहे ते उगाच नाही. या पट्ट्यातल्या अपघातांच्या बातम्यांत डाळजचं नाव वाचायची वेळ वारंवार येते. उन्हाळ्यात टायर फुटतात, पहाटे चालकाला डुलकी लागते, आणि मदतीला धावणारे हात आजूबाजूच्या वस्त्यांवरचे असतात. ज्याला त्याला सांगितलेला तो चार तासांचा आकडा या रस्त्यावर दोन माणसांनी वाटून घेतलेला असतो. गाडीत बसलेल्याचा वेळ वाचतो, आणि त्या वाचलेल्या वेळेचा काही भाग रस्ता ओलांडणाऱ्याच्या खात्यावर पडतो. अंतराच्या कुठल्याही तक्त्यात हा दुसरा माणूस मोजलेला नाही.

आता उत्तरेकडे वळतो, कारण माझं खरं भांडण तिथलं आहे.

भीमेवर उजनीचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याचा एकूण साठा ११७ टीएमसीच्या घरात. पाणी इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत तालुक्यांत पसरलं आणि आमचा ऊस, आमच्या केळी, भिगवणचा मासळी बाजार सगळं त्या पाण्यावर उभं आहे. त्या पाण्याने आम्हाला जे दिलं ते मी नाकारत नाही. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते वर येतं आणि लोक बघायला जातात. पण बुडालं ते देऊळच केवळ नव्हे. भीमा ओलांडायच्या वाटा बुडाल्या. अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांत सोयरिकी होत्या, बाजार होते, शेती होती. हिवाळ्या-उन्हाळ्यात नदी पायी किंवा बैलगाडीने उतरता येत होती. तिथे आता काही किलोमीटर रुंद पाणी आहे.

करमाळा तालुक्यातलं कुगाव आणि इंदापूर तालुक्यातलं कळाशी यांच्यात सरळ रेघ ओढली तर ती अगदी थोडी भरते. एका काठावर उभं राहिलं की दुसऱ्या काठाची झाडं दिसतात. रस्त्याने जायचं तर एकतर पश्चिमेला डिकसळच्या जुन्या पुलाकडून, नाहीतर पूर्वेला टेंभुर्णीकडून भला मोठा वळसा. डिकसळचा तो पूल म्हणजे इंग्रजांच्या काळातला रेल्वेचा पूल. उजनीमुळे लोहमार्ग हलवला गेला आणि पूल रस्त्याच्या वाहतुकीला मिळाला. तो इतका जुना झाला की अवजड वाहनांना त्यावर बंदी घालावी लागली. म्हणून लोक होडीने जातात. लग्नाला जातात, दवाखान्यात जातात, मोटारसायकल होडीत घालून जातात.

२१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलं होती. एक जण पोहत काठाला लागला म्हणून काय झालं ते कळलं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले, दोन्ही काठांवर माणसं रात्र-दिवस उभी होती. त्या माणसांनी कुठलाही मूर्खपणा केला नव्हता. त्यांनी सरळ रेघेने जायचा प्रयत्न केला होता, कारण रस्त्याचा वळसा त्यांना परवडण्यासारखा नव्हता. हवाई अंतर म्हणजे खरं अंतर असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या संध्याकाळचा विचार करावा. हवेतून मोजलेले थोडे किलोमीटर आणि जमिनीवरून घालायचा वळसा यांच्यामधली जी तफावत होती तिच्यात ती सहा माणसं गेली.

अलीकडच्या काठावरचं शिरसोडी आणि पलीकडचं कुगाव यांना जोडणाऱ्या पुलाची मागणी जुनी आहे आणि तिला मंजुरीही मिळाली आहे. पूल होईल तेव्हा होईल. पण ही मागणी इतकी वर्षं का रखडली, याचं एक कारण मला असं दिसतं की कागदावर ही गावं एकमेकांपासून लांब नव्हतीच. नकाशा उघडला की दोन्ही काठ जवळजवळ दिसतात. तालुके वेगळे, जिल्हे वेगळे, एकाचा कारभार पुण्याहून तर दुसऱ्याचा सोलापूरहून. नकाशावर जी जवळीक दिसते तिने आमची गैरसोय झाकून टाकली. वळशाचे किलोमीटर आणि त्याला लागणारे तास लिहून ठेवलेला एखादा सरकारी कागद असता तर पुलाची फाइल टेबलावर आणणं सोपं गेलं असतं.

आता उसाकडे येतो, कारण सरळ रेघेचं माप नियमात कसं बसलं याचा पुरावा तिथे आहे. ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ चा. त्यात २००६ मध्ये दुरुस्ती होऊन दोन साखर कारखान्यांत किमान १५ किलोमीटर अंतर असलं पाहिजे अशी अट आली आणि राज्यांना ती वाढवायची मुभा मिळाली. महाराष्ट्राने ती २५ किलोमीटर केली. हे अंतर हवाई. मोजून प्रमाणपत्र देणार सर्व्हे ऑफ इंडिया. अटीचं समर्थन असं की, कारखाने दाटीवाटीने उभे राहिले तर कुणालाच पुरेसा ऊस मिळणार नाही आणि सगळेच तोट्यात जातील. समर्थनात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. विरोध असा की, शेतकऱ्याला आसपास दुसरा घेणारा मिळत नाही आणि दरात स्पर्धा होत नाही. शेतकरी संघटना अनेक वर्षं ही अट काढा म्हणत आल्या आहेत, आणि रंगराजन समितीनेही २०१२ मध्ये अंतराची अट रद्द करावी अशीच शिफारस केली होती. अट असावी की नसावी हा मोठा वाद आहे. मी इथे त्याच्या आतला एक लहान प्रश्न विचारतो, ज्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही: असलीच, तर ती हवेतून का मोजायची?

ऊस हवेतून जात नाही. तो ट्रॅक्टरच्या ट्रेलरमध्ये, ट्रकमध्ये, बैलगाडीत जातो. तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत गाळला गेला तर बरं, नाहीतर वजन घटतं आणि उताराही घसरतो. या मालाच्या बाबतीत अंतर म्हणजे खड्डे, वळसा, पूल, काट्यावरची रांग आणि तास. आता आमच्याकडचा नकाशा घ्या. अलीकडे इंदापूर तालुक्यात कर्मयोगी, भवानीनगरचा छत्रपती, शेटफळगढ्याचा बारामती ॲग्रो. पलीकडे करमाळा तालुक्यात मकाई, आदिनाथ. मध्ये उजनी. समजा उद्या कुणी पाण्याच्या एका काठाला नवा कारखाना काढायचं म्हटलं आणि समोरच्या काठावरचा कारखाना सरळ रेघेत २५ किलोमीटरच्या आत भरला, तर परवानगी अडेल. कारण काय, तर दोघांत उसाची ओढाताण होईल. पण समोरच्या काठावरून एक टिपरूही इकडे येऊ शकत नसेल, वळसा घालून यायचा तर वाहतूकच परवडत नसेल, तर ओढाताण व्हायची कशी? दोन कारखाने एकमेकांचे शेजारी आहेत असं म्हणणारं माप तिथे उघडउघड चुकीचं आहे. आणि सपाट भागातही रस्ता सरळ रेघेपेक्षा लांबच असतो, म्हणजे हवाई २५ किलोमीटर शेतकऱ्याला रस्त्याने तीस-पस्तीस पडू शकतात. रस्त्याने मोजलं तर अट सैल होईल, हे मला माहीत आहे. ती सैल व्हावी, असंच माझं म्हणणं आहे. जेवढी ओढाताण प्रत्यक्षात होते तेवढ्यालाच अट लागू असावी.

हवाई मापाच्या बाजूचा सर्वांत दमदार युक्तिवाद आता घेतो. तो असा: सरळ रेघ बदलत नाही. तिच्याबद्दल कोर्टात भांडता येत नाही. रस्ता आज एक आहे, उद्या दुसरा होईल. जवळचा रस्ता कुठला, पाणंद धरायची की डांबरी, पावसाळ्यातला की उन्हाळ्यातला, यावर वाद होतील, कुणीतरी सोयीचा रस्ता दाखवून अंतर वाढवून घेईल. हवेतून मोजलं की कुणाचं काही चालत नाही.

मोजमाप पक्कं असावं ही अपेक्षा योग्यच आहे. पण चुकीची गोष्ट अचूक मोजली म्हणून ती बरोबर ठरत नाही. आणि रस्त्याचं अंतर मोजता येत नाही हे तर अजिबात खरं नाही, कारण हीच व्यवस्था ते रोज मोजते. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने ठरतं आणि टप्पे रस्त्यावर मोजलेले असतात. सरडेवाडीच्या आणि पाटसच्या टोलनाक्यावर जो टोल कापला जातो तो रस्त्याच्या लांबीचा. साखर कारखाने हंगामाचा तोडणी-वाहतूक खर्च काढतात तेव्हा ट्रॅक्टर-ट्रकचे किलोमीटर रस्त्यानेच धरले जातात, आणि तो खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान दरातून, वजा होतो. डिझेल रस्त्याने जळतं. म्हणजे आमच्याकडून पैसे घ्यायचे तेव्हा रस्त्याचं अंतर, आणि आमच्या मालाला दुसरं गिऱ्हाईक मिळू द्यायचं की नाही हे ठरवायचं तेव्हा हवेतलं. एकाच शेतकऱ्याला दोन मापं लावायची आणि दोन्ही वेळा त्याच्या अंगावर येईल ते निवडायचं, हे न्यायाचं नाही. रस्त्याचे वाद होतील असं ज्यांना वाटतं त्यांनी एसटीचे टप्पे बघावेत. इतक्या वर्षांत त्यांच्यावरून किती खटले झाले?

कायद्याला हे समजत नाही असंही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्राने २०१० मध्ये तयार केलेल्या नमुना नियमांत पहिली ते पाचवीची शाळा चालत जाण्याच्या एक किलोमीटर अंतरात आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटर अंतरात असावी असं म्हटलं आहे. आणि पुढे असंही की, जिथे वाट अवघड आहे, दरड कोसळते, पूर येतो, रस्ता नाही, तिथे मुलांना धोका होणार नाही अशी शाळेची जागा ठरवावी आणि अंतराची मर्यादा कमी करावी. ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या डोळ्यांसमोर सहा वर्षांचं मूल होतं, म्हणून त्यांना पायवाट आणि ओढा दिसला. मोजायचं कशासाठी हे ठरलेलं असलं की माप आपोआप योग्य निवडलं जातं. तीच दृष्टी उसाच्या आदेशात आणि पुलांच्या प्राधान्यक्रमात का येऊ नये?

मांडव्याचं उदाहरण पुन्हा घेतो. समुद्राची सरळ रेघ माणसाच्या उपयोगी पडावी म्हणून तिथे काय केलं? मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यापासून मांडव्यापर्यंत गाड्या वाहून नेणारी रो-रो जहाजसेवा सुरू झाली. धक्का बांधला, परवाने दिले, वेळापत्रक लावलं, वादळाचा इशारा आला की फेरी बंद होते. सुट्टीला अलिबागला जाणाऱ्या मुंबईकराच्या वळशाची शासनाने दखल घेतली, आणि ती घेतली हे चांगलंच झालं. कुगाव आणि कळाशीच्या लोकांचा वळसा सुट्टीसाठीचा नव्हता. त्यांना धक्का नव्हता, वेळापत्रक नव्हतं, वारा सुटल्यावर होडी सोडू नका म्हणायचा अधिकार असलेला कुणी माणूस काठावर नव्हता.

पुढच्या काळात आमच्या डोक्यावरून आणखी रेघा ओढल्या जाणार आहेत. मुंबई-पुणे-हैदराबाद बुलेट ट्रेनचा ७११ किलोमीटरचा प्रस्ताव आहे. पुरंदरच्या विमानतळाचा आहे, ज्यासाठी महात्मा फुल्यांच्या घराण्याचं गाव खानवडी धरून सात गावांची जमीन मागितली गेली आणि तिथले शेतकरी विरोधात उभे राहिले. या प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर दोन शहरांमधला वाचणारा वेळ ठळक लिहिलेला असेल. त्याच्या शेजारी मधल्या गावांच्या वेळेचाही एक रकाना हवा: बाजाराला, दवाखान्याला, कारखान्याला, पलीकडच्या काठाला आज किती वेळ लागतो आणि प्रकल्पानंतर किती लागेल. तो रकाना भरल्याशिवाय कुठल्याही प्रकल्पाने आपण अंतर कमी केलं असं सांगू नये.

बारामती आणि इंदापूरच्या लोकांना, आणि पाण्यापलीकडच्या करमाळकरांनाही, माझं सांगणं आहे की वाट बघत बसू नका. प्रत्येक ग्रामसभेने आपल्या गावापासून तालुक्याचं रुग्णालय, बाजार समिती, कारखाना आणि समोरचा काठ यांचं रस्त्याचं अंतर आणि लागणारा वेळ लिहून ठराव करावा. साखर आयुक्तालयाकडे आणि केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाकडे मागणी करावी की कारखान्यांमधलं अंतर, ठेवायचंच असेल तर, ऊस ज्या रस्त्याने जातो त्या रस्त्याने मोजा. आणि शिरसोडी-कुगाव पुलावरून पहिली गाडी जाईपर्यंत उजनीच्या प्रत्येक घाटावर परवानाधारक होडी, प्रत्येक प्रवाशाला जीवरक्षक जॅकेट आणि वारा वाढला की फेरी थांबवू शकेल असा नेमलेला माणूस द्या, ही मागणी पुणे आणि सोलापूर दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे पावसाळ्याच्या आधी, दरवर्षी, लेखी पोचली पाहिजे.